'खटला फॉलो करा' फीचर सहा आठवडे वापरलं, एक स्टार देतेय, तोही जुन्या एपिसोड्ससाठी

बातम्यांचं अ‍ॅप आहे, नाव लिहीत नाही, ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांना कळेलच. त्यात 'खटला फॉलो करा' असं बटण आहे. एका आईवर स्वतःच्या लहान मुलाच्या मृत्यूबद्दल केस चालू आहे, तिचंही नाव लिहीत नाही कारण निकाल लागायचाय, तेवढं तरी मी पाळते. अ‍ॅपवाल्यांनी ते पण पाळलं नाही, पहिलंच नोटिफिकेशन आलं 'खुनी आई कोर्टात हजर'. आरोपी हा शब्द यांच्या कीबोर्डवर नसावा बहुतेक.

आता नोटिफिकेशनचं सांगते. सरकारी वकिलांनी केस मांडायला सुरुवात केली त्या दिवशी फोन सतरा वेळा वाजला, मोजलेत मी. आणि बचाव पक्षाच्या वकिलाने लॅबवाल्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतली, त्यात तो साक्षीदार म्हणाला की हो, नमुना दुसऱ्यांदा तपासला नव्हता, तेव्हा फोन एकदाही वाजला नाही. मला ते रात्री 'दिवसभरात' मध्ये सहाव्या नंबरला सापडलं, एका क्रिकेटरच्या लग्नाच्या खाली. सेटिंगमध्ये 'दोन्ही बाजूंचे अलर्ट' असा पर्याय शोधला, नाहीये. आवाज बदलायचे पर्याय मात्र नऊ आहेत.

सगळ्यात जास्त चालतं ते 'आजचा चेहरा'. रोज चाळीस सेकंदाची क्लिप, ती बाई गाडीतून उतरून कोर्टाच्या दारापर्यंत चालत जाते तेवढीच, स्लो मोशनमध्ये, खाली म्युझिक. त्यावर एक बॉडी लँग्वेज एक्सपर्ट बोलतो, हे कशाचं एक्सपर्ट असतात आणि परीक्षा कोण घेतं देव जाणे. कमेंट्स तर विचारूच नका. रडली की नाटक, नाही रडली की दगड. केस नीट विंचरले तर मूल गेलं आणि हिला नटायला सुचतंय, विस्कटलेले असले तर वकिलाने शिकवून पाठवलंय. एका दिवशी ती पायरीवर अडखळली तर तेवढीच क्लिप लाखो लोकांनी बघितली. मी पण बघितली, खोटं कशाला बोलू. दोनदा बघितली.

आणि दुसऱ्या दिवशीच 'तुम्हीच ज्यूरी' नावाच्या पोलमध्ये मी 'दोषी' दाबलं. कारण काय तर तिचे डोळे कोरडे होते. खरंच, दुसरं काहीच कारण नव्हतं, एकही साक्ष तोवर झाली नव्हती. ते दाबल्यावर प्रोफाइलवर छोटा हातोडा येतो, बॅज म्हणून.

(आमचे बाबा गेले तेव्हा मी स्वतः दिवसभर कोरडीच होते, फोन लावत होते, सह्या करत होते, कोण कुठून निघालंय ते विचारत होते. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली पोरगी दगडाची आहे. मला रडू आलं ते अकरा दिवसांनी, त्यांच्या चष्म्याची केस सापडली तेव्हा, आणि तेव्हा बघायला कोणी नव्हतं. हे आठवायला मला पोल दाबून झाल्यावर तीन आठवडे लागले.)

आता चांगलं काय ते. तीन मेनू खाली 'जुने खटले' म्हणून ऑडिओ आहेत, लांबलचक, म्युझिक नाही, एक्सपर्ट नाही. हे कोणी बनवलं आणि 'आजचा चेहरा' कोणी बनवला, ते एकाच ऑफिसात बसतात यावर विश्वास बसत नाही.

लिंडी चेम्बरलेनचा एपिसोड आधी ऐका. ऑस्ट्रेलिया, 17 ऑगस्ट 1980, उलुरू नावाच्या मोठ्या खडकाजवळ तंबूत झोपलेली नऊ आठवड्यांची अझारिया गेली. आई ओरडली की डिंगो, म्हणजे तिकडचा जंगली कुत्रा, घेऊन गेला. पहिल्या चौकशीत कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या तिकडच्या अधिकाऱ्याने, ते मान्य पण केलं. पण लोकांनी नाही केलं. बाई टीव्हीवर शांतपणे बोलते, धर्म वेगळाच काहीतरी, बाळाला काळा फ्रॉक घालायची, आणि अझारिया म्हणजे 'रानात दिलेला बळी' अशी अफवा उठली. खरा अर्थ 'देवाने साहाय्य केलं' असा आहे हो! कोणी डिक्शनरी उघडायची तसदी घेतली नाही. गाडीत 'बाळाचं रक्त' सापडलं म्हणून 1982 मध्ये जन्मठेप, तेव्हा ती गरोदर होती. ते रक्त म्हणून सांगितलेलं नंतर निघालं गाडीचा आवाज दाबायला कंपनीतच मारलेलं रसायन. बाळाच्या अंगात जॅकेट होतं असं आई पहिल्यापासून सांगत होती, ते 1986 मध्ये सापडलं, ती सुटली, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली आणि मृत्यूच्या कागदावर डिंगोचं नाव यायला 2012 उजाडलं. बत्तीस वर्षं. डिंगोवरचे विनोद मात्र पहिल्या वर्षापासून चालू होते.

सॅली क्लार्कचा एपिसोड मी दोनदा ऐकला कारण पहिल्यांदा गणित डोक्यावरून गेलं. इंग्लंड, दोन बाळं एकामागून एक गेली, आई स्वतः वकील. डॉक्टरने कोर्टात सांगितलं की अशा घरात एक बाळ अचानक दगावण्याची शक्यता 8,543 मध्ये एक, मग दोन बाळांची म्हणजे त्याला त्यानेच गुणा, 7 कोटी 30 लाखात एक. ऐकायला किती पक्कं वाटतं ना? पण आईबाप तेच, घर तेच, रक्तात काही दोष असेल तर तो पण तोच, मग सरळ गुणाकार करताच येत नाही. आणि समजा दोन्ही नैसर्गिक मृत्यू दुर्मिळ असले तरी सख्ख्या आईने दोन्ही बाळं मारणं काय रोजचं असतं का, ते पण दुर्मिळच, मग तुलना त्या दोघांची पाहिजे. 1999 मध्ये शिक्षा झाली, 2003 मध्ये सुटली, एका बाळाच्या तपासणीत जंतू सापडल्याचा रिपोर्ट बचाव पक्षाला दिलाच नव्हता. 2007 मध्ये ती वारली. आकड्याची हेडलाइन होते, आकडा चुकला याची होत नाही.

कॅथलीन फोल्बिगचा थोडा घाईत उरकलाय, ही पण ऑस्ट्रेलियातली, चार मुलं दगावली, 2003 ला आईला शिक्षा, दोन मुलींमध्ये हृदयावर परिणाम करू शकणारा जीनमधला दोष सापडला, वीस वर्षांनी 2023 मध्ये सुटका. जीनचा भाग अजून दहा मिनिटं हवा होता.

आरुषीचा, म्हणजे नोएडात स्वतःच्या घरात खून झालेल्या मुलीचा, ऐकताना मात्र अवघडल्यासारखं झालं, कारण तेव्हा मी स्वतः टीव्हीसमोर होते. 2008 ते 2017, आधी सीबीआयचा क्लोजर रिपोर्ट, मग त्याच आईवडिलांना जन्मठेप, मग अलाहाबाद हायकोर्टातून निर्दोष. त्यातच 2011 मध्ये कोर्टाच्या आवारात वडिलांवर कोयत्याने हल्ला झाला, खटला उभा राहायच्या आधीच. 'आई इंटरव्ह्यूत रडली का नाही' हे वाक्य तेव्हा मी सुद्धा म्हटलेलं आहे.

अमेरिकेतल्या केसी अ‍ॅन्थनीचा एपिसोड पण ठेवलाय ते बरं केलं, नाहीतर वाटेल प्रत्येक आई बिचारीच असते. मुलगी दिसत नाही हे एकतीस दिवस पोलिसांना कळवलं नाही, खोटं बोलली, ते ऐकून मला अजून राग येतो. पण मृत्यू नेमका कसा झाला हे सरकारी पक्षाला दाखवता आलं नाही आणि 2011 मध्ये ज्यूरीने खुनातून सोडलं. ती ज्यूरी दुसऱ्या काउंटीतून आणून हॉटेलात ठेवली होती, बातम्यांपासून लांब. आणि हे अ‍ॅप दिवसभर बातम्या दाखवून मला म्हणतं तुम्हीच ज्यूरी!

तर हे सगळं ऐकून मी परत पोलवर गेले, म्हटलं मत काढून घेऊ, 'निर्दोष' पण नको, नुसतं काढून घेऊ. बटण राखाडी झालेलं, 'तुमचे मत नोंदवले आहे'. कस्टमर केअरला लिहिलं, चार दिवसांनी उत्तर आलं की पोलची विश्वासार्हता राखण्यासाठी मत बदलता येत नाही. विश्वासार्हता! मग विचारलं 'अजून सांगता येत नाही' असा तिसरा पर्याय का नाही, तर तुमची सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे.

काल अकाउंट डिलीट केलं. हातोडा गेला. आज मैत्रिणीच्या फोनवर बघितलं तर एकूण मतांत एकही कमी झालं नव्हतं, पुन्हा मेल केला, यावेळी उत्तर लगेच आलं, खातं बंद केलं तरी आधी दिलेलं मत मोजणीत राहतं. निकाल पुढच्या महिन्यात आहे.