येझदीसाठी ६ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर: चार स्टार, पण आधी डायनॅमो तपासा

उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन म्हणून झाली, त्यामुळे नुसतं ‘मस्त प्रॉडक्ट’ लिहून मला गप्प बसवत नाही.

गाडी १९८४ची येझदी रोडकिंग. रेस दिली तरी चार्जिंगचा लाल दिवा विझेना, हॉर्न दमेकऱ्यासारखा खोकायला लागला. या गाडीचं इग्निशन बॅटरीवर, म्हणजे बॅटरी बसली की किक मारून मारून घामटं निघणार. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला. आता ‘ओरिजिनल’ म्हणून जे कटआऊट (डायनॅमो आणि बॅटरीमधला जुन्या पद्धतीचा, पॉइंटवाला रेग्युलेटर) विकतात, त्यांचे पॉइंट बघूनच कळतं काय माल आहे ते. म्हणून हा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मागवला.

पण पार्सल फोडण्याआधी उजवीकडचं कव्हर उघडा. डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) दोन्ही वायरी रेग्युलेटरपासून सोडवा, फील्डची (डायनॅमोतल्या स्थिर कॉइलची) वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या उघड्या धातूला टेकवा, दुसऱ्या वायरीवर बल्ब लावून गाडी चालू करा. रेसबरोबर बल्ब भक्कन वाढला तर डायनॅमो ठणठणीत. हे क्षणभरच करायचं, रेस चढवत बसू नका, फील्ड तापतं. माझा बल्ब मिणमिणत होता. कम्युटेटरच्या (ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) खाचांत कार्बनची काळी पूड ठासून भरलेली, एक ब्रश होल्डरमध्ये अडकलेला. खाचा साफ केल्या, ब्रश बदलले, बल्ब लख्ख. आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) थेट क्रँकवर बसतं, त्याला वेगळं बेअरिंग नाही. क्रँकचं बेअरिंग ढिलं असेल तर आर्मेचर फील्डला घासतं. तिथे चकाकत्या रेघा दिसल्या तर रेग्युलेटरचा नाद सोडा, इंजिन खोलावं लागणार.

एवढं झाल्यावरही जुना कटआऊट चिकटत होताच. गाडी बंद केली तरी बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोत जायचा. तो काढून हा बसवला. रेसवर बॅटरीच्या टर्मिनलवर ७.१ व्होल्ट, हेडलाइट लावून ६.८. सहा व्होल्टच्या बॅटरीला याहून जास्त काय हवं! आयडलिंगला लाल दिवा लुकलुकतो, ते डायनॅमोचं जन्मजात आहे, त्यावरून एक स्टार देणाऱ्यांनी जरा रेस देऊन बघावं.

एक स्टार कापला तो वायरींसाठी. इतक्या तोकड्या की जोड द्यावाच लागतो, आणि अर्थची वायर तर दोऱ्यासारखी. मी सोल्डर करून जाड वायर लावली, तीही फ्रेमचा रंग खरवडून. रंगावरच नट आवळलात तर मीटरचा काटा नाचत राहील आणि शिव्या कंपनीला बसतील. सोबतच्या कागदावरची आकृती इतकी पुसट की भिंगातूनही कुठली वायर कुठे ते लागत नाही. म्हणून जुना रेग्युलेटर काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.