तीन नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे आधी हायड्रोजन-अल्फा फिल्टर होता, म्हणजे हायड्रोजनच्या लाल प्रकाशाभोवतीचा सात नॅनोमीटर रुंदीचा पट्टा तेवढा आरपार सोडणारा फिल्टर. त्याच्या जागी तीन नॅनोमीटरचा, कठीण लेपनाचा फिल्टर घेतला आणि गेले काही महिने निरभ्र रात्री तो मोनो (कृष्णधवल) कॅमेऱ्यासमोर लावतो आहे. तेजोमेघांच्या छायाचित्रणासाठी तो उत्तम आहे, पण प्रत्येक दुर्बिणीला तो मानवेल असे नाही. या दोन्ही गोष्टींची कारणे खोक्यावरच्या आकड्यांत सापडत नाहीत. ती कळण्यासाठी हा फिल्टर कसा बनतो हे थोडे तपशिलात पाहावे लागते.

आधी फायदा सांगतो. तेजोमेघातील आयनीभूत हायड्रोजनचा हा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीभोवती एकवटलेला असतो, तर चंद्रप्रकाश आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड संपूर्ण वर्णपटावर पसरलेला असतो. पट्टा सातावरून तीनवर आणला की तेजोमेघाचा प्रकाश जवळजवळ तेवढाच राहतो आणि आकाशाचा उजेड निम्म्याहून कमी होतो. हंस तारकासमूहातील नॉर्थ अमेरिका तेजोमेघात काळ्या धुळीला लागून असलेली जी तेजस्वी कडा आहे, तिच्यातले बारीक पदर जुन्या फिल्टरमधून चांदण्या रात्री धूसर येत. आता मोठा चंद्र असतानाही ते सुटे दिसतात. तारेही लहान आणि टोकदार उमटतात, त्यामुळे नंतरच्या प्रक्रियेत ताऱ्यांशी झटापट करावी लागत नाही.

हे काम रंगीत काच करत नाही. काचेवर सिलिकॉन डायऑक्साइड (अपवर्तनांक सुमारे १.४६) आणि टॅंटलम पेंटॉक्साइड (सुमारे २.१) यांसारख्या दोन पारदर्शक पदार्थांचे थर आलटून पालटून चढवलेले असतात. बहुतेक थरांची जाडी अशी ठेवतात की त्या पदार्थातील तरंगलांबीच्या ती एक चतुर्थांश भरावी, ६५६.३ नॅनोमीटरसाठी हा हिशेब पहिल्या पदार्थाला सुमारे ११२ आणि दुसऱ्याला सुमारे ७८ नॅनोमीटर येतो. अशा थरांचा एक गठ्ठा आरशाचे काम करतो. दोन गठ्ठ्यांच्या मध्ये अर्ध्या तरंगलांबीचा किंवा तिच्या पटीतला एक थर ठेवला की नेमकी ती तरंगलांबी आरपार जाते आणि शेजारच्या परत फिरतात. फाब्री आणि पेरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन समांतर आरशांचे जे उपकरण मांडले, त्याचीच ही घनरूप आवृत्ती आहे. अशी एकच रचना असली तर कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश आरपार जातो त्या आलेखाचे शिखर टोकदार आणि दोन्ही बाजूंचे उतार पसरट येतात, म्हणून तीन-चार रचना एकावर एक बांधून शिखर सपाट आणि कडा उभ्या करतात. थरांची संख्या शंभराच्या घरात गेली तरी सगळ्यांची मिळून जाडी दहा मायक्रोमीटरच्या आसपासच भरते.

खरी कसोटी जाडीच्या अचूकतेची असते. सगळ्या थरांची जाडी एक टक्क्याने चुकली तर शिखर साडेसहा नॅनोमीटर सरकते, म्हणजे तीन नॅनोमीटरच्या फिल्टरमधून हायड्रोजनची रेषा पूर्ण बाहेर जाते. शिखर अर्ध्या नॅनोमीटरच्या आत राखायचे तर सरासरी चूक एक सहस्रांशाहूनही कमी हवी, आणि ११२ नॅनोमीटरचा एक सहस्रांश म्हणजे सिलिकॉनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी. हे मोजतात कसे, हा मला या तंत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. निर्वात कक्षात लेपन चालू असताना ज्या तरंगलांबीसाठी फिल्टर बनवायचा आहे, त्याच तरंगलांबीचा प्रकाश काचेतून सोडतात. थर वाढेल तशी आरपार येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता चढते किंवा उतरते आणि चतुर्थांश जाडी भरली की उलट फिरते. त्या वळणावर झडप बंद करून पुढचा पदार्थ सुरू करतात. एखादा थर किंचित कमी-जास्त झाला तरी पुढच्या थराचे वळण त्यासह येत असल्यामुळे ती चूक बरीचशी भरून निघते. क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनसंख्येवरूनही जाडी मोजता येते, पण इतक्या अरुंद पट्ट्यासाठी प्रकाशाचे मोजमापच भरवशाचे ठरते.

लेपनाची पद्धत टिकाऊपणा ठरवते. इलेक्ट्रॉन झोताने पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसू दिली तर थर सूक्ष्म खांबांसारखा वाढतो, त्या खांबांच्या फटींत हवेतली आर्द्रता शिरते आणि शिखर लांब तरंगलांबीकडे सरकते. त्याही आधीच्या मऊ लेपनात झिंक सल्फाइड आणि क्रायोलाइट वापरत. ते दोन काचांमध्ये चिकटवून कडा बंद कराव्या लागत. माझा जुना फिल्टर याच जातीचा होता आणि त्याच्या कडेने दमट हवेने आत येत एक पांढुरके कडे तयार केले होते. नव्या फिल्टरचे थर आयन झोताने पदार्थाचे कण उडवून बसवलेले आहेत. ही पद्धत संथ आणि खर्चिक आहे, पण थर घट्ट बसतात, पाणी शिरायला जागा उरत नाही आणि तापमानामुळे शिखर प्रति अंश नॅनोमीटरच्या काही सहस्रांशांपेक्षा फारसे सरकत नाही. घट्ट थरांच्या ताणाने काच वाकू शकते, म्हणून दोन्ही बाजूंना लेपन करून तो ताण तोलतात.

आता तक्रारींकडे येतो. प्रकाश तिरका आला की या फिल्टरचे शिखर लघु तरंगलांबीकडे सरकते. हे घरच्या दिव्यासमोरही दिसते: फिल्टर सरळ धरला तर गडद लाल ठिपका दिसतो आणि हळूहळू तिरपा करत नेला तर तो नारिंगीकडे झुकतो. एफ/५ च्या (केंद्रांतर व्यासाच्या पाचपट असलेल्या) दुर्बिणीत सर्वांत बाहेरचे किरण सुमारे ५.७ अंशांनी येतात आणि त्यांच्यासाठी शिखर जेमतेम ०.८ नॅनोमीटर सरकते, ते चालून जाते. एफ/२ च्या प्रणालीत हाच कोन १४ अंशांचा होतो आणि सरकणे पावणेपाच नॅनोमीटरच्या आसपास जाते. मी तो एफ/२ वर लावून पाहिला तेव्हा चित्र अपेक्षेपेक्षा स्पष्टच अंधारे आले, कारण बाहेरच्या कड्यातून येणारी हायड्रोजनची रेषा पट्ट्यात बसतच नव्हती. अशा कमी एफ-आकड्याच्या, म्हणजे वेगवान प्रणालींसाठी शिखर मुद्दाम लांब तरंगलांबीकडे ठेवलेले वेगळे फिल्टर मिळतात, तेच घ्यावेत.

दुसरी अडचण प्रभावळीची, म्हणजे तेजस्वी ताऱ्याभोवती उमटणाऱ्या फिकट वर्तुळाची. जो प्रकाश आरपार जात नाही तो फिल्टर आरशासारखा परतवतो, आणि पट्ट्यातला थोडा प्रकाशही कॅमेऱ्याच्या काचेवरून फिल्टरवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो. मृगाच्या बाणातील पूर्वेकडचा अल्निटाक हा तारा अश्वशीर्ष तेजोमेघाच्या अगदी शेजारी आहे. या जोडीचा फोटो हीच फिल्टरची परीक्षा समजावी. माझ्या फिल्टरमध्ये अल्निटाकभोवती फिकट पण स्पष्ट वर्तुळ राहते. बाजू उलटून लावल्यावर ते कमी झाले, गेले मात्र नाही.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की नाही, हे तुम्ही काय टिपता त्यावर अवलंबून आहे. ६५४.८ आणि ६५८.३ नॅनोमीटरच्या नायट्रोजन रेषा सात नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये हायड्रोजनबरोबर येतात. या फिल्टरमध्ये पहिली कडेवर लटकते आणि दुसरी अडते. त्यामुळे हेलिक्ससारख्या, नायट्रोजन भरपूर असलेल्या ग्रहीय तेजोमेघाची (मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगाची) बाहेरची कडी यातून फिकी येते. अशा लक्ष्यांसाठी मी जुना फिल्टर जपून ठेवला आहे.

विकत घेताना ‘तीन नॅनोमीटर, ९० टक्के पारगमन (आरपार जाणारा प्रकाश)’ एवढ्यावर जाऊ नये. लेपन कक्षात एकाच वेळी बनलेल्या तुकड्यांचे शिखरही जागेनुसार थोडे बदलते, म्हणून आपल्या तुकड्याचाच मोजलेला आलेख मागावा. त्यात शिखर ६५६.३ वर आहे का आणि पट्ट्याबाहेर अडवणूक किती आहे ते पाहावे. प्रकाशीय घनता ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग गळतो. अवरक्तात गळती असेल तर मोनो सेन्सर ती बिनबोभाट टिपतो.

सफाईला हा फिल्टर सोपा आहे: आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसावे. सूर्याकडे मात्र तो कधीही रोखू नये. सौर निरीक्षणाचे हायड्रोजन-अल्फा फिल्टर नॅनोमीटरच्या अंशाइतके अरुंद असतात आणि त्यांच्यासोबत ऊर्जा अडवणारा वेगळा फिल्टर असतो. हा तेजोमेघांचा फिल्टर त्या जागी वापरल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो.