अ‍ॅक्सिओस की काय?

ब्राउझरमधला फेच (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरला विनंती पाठवायची अंगभूत सोय) फुकट मिळतो, पण त्याचा एक खोडसाळपणा आहे: सर्व्हरने ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) असा चुकीचा कोड पाठवला तरी त्याच्या लेखी विनंती यशस्वीच. दर वेळी स्वतः तपासा. म्हणून वर एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावीशी वाटते: अ‍ॅक्सिओस किंवा ‘काय’.

अ‍ॅक्सिओस जुना आणि सगळ्यांच्या ओळखीचा. ब्राउझरमध्ये तो मुळात एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टवर (विनंती पाठवायची फेचच्या आधीची सोय) उभा आहे; फेचवर चालण्याची सोय त्याला २०२४ मध्ये मिळाली. त्याचे इंटरसेप्टर्स (विनंती जाताना किंवा उत्तर येताना मध्येच चालणारी फंक्शन्स) झकास, आणि फाइल अपलोड किती झाली ते दाखवणं सोपं.

काय (के-वाय, प्रश्नार्थक नव्हे!) हे फेचवरचंच पातळ आवरण, इतर कुठल्याही पॅकेजवर न विसंबणारं. आकारानेही ते अ‍ॅक्सिओसपेक्षा बरंच लहान. मला खरा फरक जाणवतो तो न सांगता मिळणाऱ्या सोयींत. काय १० सेकंदांनी विनंती सोडून देतं. अ‍ॅक्सिओसला वेळमर्यादा दिली नाही तर तो आपणहून थांबत नाही. ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) आला की काय थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतं, मूळ सेटिंगमध्ये दोनदा, आणि सर्व्हरने ‘इतक्या वेळाने या’ असं सांगितलं असेल तर तेही पाळतं. पोस्ट (सर्व्हरला नवी माहिती देणारी विनंती) मात्र आपणहून पुन्हा पाठवत नाही. शहाणपणाचंच आहे, नाहीतर एकच ऑर्डर दोनदा पडायची.

मोबाइलवर, कमकुवत नेटवर्कवर उघडणारी नवी साइट असेल तर मी काय घेईन. जुन्या प्रोजेक्टमध्ये रिक्वायर (दुसरा कोड आत घेण्याची जुनी पद्धत) आणि डझनभर इंटरसेप्टर्स असतील, तर अ‍ॅक्सिओसला हात लावणार नाही.