मेंदूविज्ञानाची अभ्यासिका: उजेड छान, शांतता छान, हवा मात्र कोंडलेली

नागपुरातल्या धरमपेठेकडच्या, संशोधकांसाठीच्या या अभ्यासिकेचे दर, वेळा आणि ‘मेंदूविज्ञान व वास्तुकलेच्या आधारे रचना’ हे सगळं जाहिरातीत आलेलंच आहे. प्रबंध लिहायला मी जानेवारीपासून इथे बसते. ऐन मे महिन्यात बाहेरची ताजी हवा आत आणणारा फ्रेश एअर फॅन बंद पडला आणि सुरू व्हायला पावसाळा लागला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी शांततेबद्दल, कारण ती खरंच मनापासून जमवली आहे. वाचताना दुसऱ्याचं बोलणं सगळ्यात जास्त नडतं. वाक्य मनात धरून ठेवणारी स्मृती त्या शब्दांत अडकते. इथे फोनची खोली दोन दारांपलीकडे आहे आणि खुर्च्यांच्या पायांना जाड फेल्ट चिकटवलं आहे. दिवे सकाळी निळसर पांढरे, संध्याकाळी पिवळे. ठीक आहेत.

उंच छत मला फेब्रुवारीपर्यंत निव्वळ विजेचा खर्च वाटायचं. पण मेयर्स-लेव्ही आणि झू या संशोधकांच्या 2007 च्या प्रयोगात 10 फुटी छताखाली लोकांचा विचार जास्त मोकळा, जोडणारा होता. 8 फुटी छताखाली बारकाव्यांकडे लक्ष जास्त. आता मी प्रकरणाची मांडणी मोठ्या हॉलमध्ये करते आणि तळटीपा तपासायला बुटक्या छताच्या कोपऱ्यात जाते. मला फरक पडतो.

पण हवा! स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आत घेत नाही. काचा सील केलेल्या, हॉल भरलेला, त्यात फॅन बंद. दुपारी चारला एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत बसायचं. पर्यावरण अभियांत्रिकीतल्या मैत्रिणीकडून कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला. गच्चीवर 430 पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 430 भाग), माझ्या टेबलावर 2100 च्या पुढे. 2012 मध्ये अमेरिकेत संशोधक उषा सतीश आणि सहकाऱ्यांनी 22 जणांना 600, 1000 आणि 2500 पीपीएममध्ये बसवून निर्णयक्षमता तपासली होती. 1000 लाच नऊपैकी सहा मोजमापं घसरली. पुढच्या काही प्रयोगांत इतका परिणाम दिसला नाही, हेही खरं. तरी मेंदूच्या नावावर फी घेणाऱ्यांनी हवा मोजायला नको का?

तक्रार केली तर मेकॅनिक म्हणाला, “मॅडम, एसी थंडा करून राहिला ना, मंग काय प्रॉब्लेम?” मीटर दाखवल्यावर तो शिडीवर चढला. फॅन पॅसेजच्या फॉल्स सीलिंगच्या वर, आणि तिथे हात घालायला झाकणच नाही. “कापावं लागते,” म्हणाला. कापायचा खर्च कोणी द्यायचा, यावर मालक आणि ठेकेदार यांच्यात जूनचा अर्धा महिना गेला. आमची फी मात्र पूर्ण.

अभ्यासिकेच्या माहितीपत्रकात अमेरिकेतल्या ला होयाच्या साल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा फोटो आहे. 1965 च्या सुमाराची ती इमारत बांधताना वास्तुविशारद लुई कान यांनी प्रयोगशाळांच्या मजल्यांमध्ये माणूस उभा राहील एवढे, सुमारे 9 फुटांचे मजले फक्त पाइप आणि डक्टसाठी ठेवले. खालचं काम न थांबवता वर दुरुस्ती करता यावी म्हणून. तेवढी जागा धरमपेठेत कोण देणार? पण दोन फुटांचं झाकण तर देता येत होतं.

मालकांचं म्हणणं, 45 डिग्रीत बाहेरची हवा घेतली की बिल वाढतं. वाढतंच. पण आपल्या घरी उन्हाळाभर कूलर चालतो तो खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवूनच. नाहीतर घर नुसतं ओलं होतं. हवा कुठून तरी निघून जावी लागते, हे नागपुरात कोणाला शिकवायला नको. सकाळी सहा ते आठ दोन खिडक्या उघडल्या तरी रात्रीची कोंदट हवा निघून जाते, आणि त्याला वीजही लागत नाही. त्यासाठी सील काढून जाळ्या बसवा, हे मी लेखी दिलं आहे.

जुलैत सीलिंग कापून फॅन सुरू झाला. दुपारी आता 900 च्या आसपास आकडा असतो आणि चारनंतरही लिखाण होतं. झाकण अजून बसलेलं नाही, भोकावर पुठ्ठा आहे. वार्षिक फीमध्ये सूट देत होते, ती घेतली नाही. महिन्याचे पैसे भरते आहे. तुम्ही जागा बघायला गेलात तर सकाळी जाऊ नका, हॉल भरलेला असताना दुपारी चारला जा आणि फॅनचं झाकण कुठे आहे ते दाखवायला सांगा.