सेंद्रिय अर्धसंवाहक की प्रकाशसंवेदी नॅनोकण : पीएचडीचा विषय निवडताना

भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून, नेट वा गेटचा निकाल हाती घेऊन मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज हे दोन विषय हमखास येतात. पहिला सेंद्रिय अर्धसंवाहकांचा, म्हणजे कार्बनच्या सांगाड्यात एकाआड एक दुहेरी बंध असल्यामुळे वीज वाहू देणाऱ्या रेणूंचा आणि बहुवारिकांचा (पॉलिमरचा). दुसरा प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या नॅनोकणांचा; त्यात क्वांटम डॉट, म्हणजे अर्धसंवाहकाचे काही नॅनोमीटरचे कण, आणि सोन्याचे कण हे ठळक. दोन्हींच्या संशोधन-प्रस्तावांत इलेक्ट्रॉनिक्स आणि वैद्यक हे शब्द शेजारीशेजारी येतात, त्यामुळे ते वरवर सारखेच वाटतात. प्रत्यक्षात दोघांची दुखणी अगदी वेगळी आहेत, आणि माझ्या मते निवड त्या दुखण्यांकडे पाहूनच करावी, कारण पुढची पाच वर्षे गाठ त्यांच्याशीच असते.

सेंद्रिय अर्धसंवाहक प्रयोगशाळेतून बाजारात कधीच पोहोचले आहेत. 1977 मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी आयोडीनची मात्रा दिलेले पॉलिअॅसिटिलीन धातूसारखी वीज वाहते हे दाखवले आणि 2000 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. 1987 मध्ये कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दहा व्होल्टपेक्षा कमी विद्युतदाबावर उजळणारा दोन थरांचा सेंद्रिय दिवा प्रसिद्ध केला. आज मोबाइलच्या ओएलईडी (सेंद्रिय प्रकाशदायी डायोडच्या) पडद्यात त्याचेच वंशज आहेत. वेगाच्या बाबतीत मात्र हे पदार्थ मागेच राहतात. स्फटिकी सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची चलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात ते किती सहज सरकतात याचे माप, सुमारे 1400 चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद असते, तर चांगल्या सेंद्रिय थरांत ती साधारण 1 ते 10 च्या घरात राहते. त्यामुळे यातून प्रोसेसर घडवण्याचा विचार कोणी गंभीरपणे करत नाही. मोठे क्षेत्रफळ, लवचीकपणा आणि कमी तापमानाला प्लॅस्टिकवर थर देता येणे, हेच यांचे भांडवल.

त्यांचे दुखणे म्हणजे हवा आणि ओल. नमुने नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, बनवावे लागतात, जिथे पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही दशलक्षात एका भागाच्या खाली ठेवलेले असतात. बाहेर काढल्यावर आच्छादनात कुठे सूक्ष्म छिद्र राहिले, तर उजळलेल्या पृष्ठभागावर काळे ठिपके उमटतात आणि दिवसागणिक पसरत जातात. म्हणूनच ओएलईडीच्या आच्छादनातून एका चौरस मीटरमागे दिवसाला फार तर ग्रॅमचा दशलक्षांश भाग इतकेच बाष्प शिरावे, अशी कसोटी मानली जाते. दुसरे दुखणे निळ्या रंगाचे. विजेने उत्तेजित झालेल्या अवस्थांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश त्रिक (ट्रिप्लेट) प्रकारच्या असतात आणि साध्या प्रतिदीप्त रेणूत त्या बहुतांशी वाया जातात. इरिडियमच्या संयुगांनी लाल आणि हिरव्या रंगांपुरता हा प्रश्न सुटला. निळ्यासाठी लागणारी ऊर्जा मात्र रेणूतले बंध तोडणाऱ्या ऊर्जेच्या जवळ जाते, त्यामुळे निळे त्रिक-आधारित दिवे लवकर थकतात. या एका प्रश्नावर कंपन्यांची मोठी पथके बसलेली आहेत. एकट्या विद्यार्थ्याने तिथे उडी घ्यावी असे मी म्हणणार नाही.

क्वांटम डॉटची कथा आकाराभोवती फिरते. येकिमोव यांनी काचेत, ब्रूस यांनी द्रावणात, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आकारानुसार रंग बदलण्याचा परिणाम पाहिला आणि 1993 मध्ये बावेंडी यांच्या गटाने एकसारख्या आकाराचे कण बनवण्याची कृती दिली. 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. त्या कृतीचे आज रूढ असलेले रूप एकदा तरी पाहावे असे आहे. सुमारे 300 अंश सेल्सिअसला तापवलेल्या कॅडमियमच्या द्रावणात सेलेनियमचे द्रावण सिरिंजने एका दमात सोडायचे. काही मिनिटांत चंबूतला रंग पिवळ्यावरून नारिंगी आणि नारिंगीवरून लाल होत जातो, आणि हवा तो रंग दिसताच आच काढायची. दोन-तीन नॅनोमीटरचा कण निळसर-हिरवा उजळतो, सहाच्या आसपासचा लाल. पदार्थ तोच, फरक फक्त आकाराचा.

बाजारात मात्र एक गफलत आहे. दुकानात ‘क्यूएलईडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हींमध्ये क्वांटम डॉट स्वतः विजेवर उजळत नाहीत. निळ्या एलईडीचा प्रकाश पिऊन ते लाल आणि हिरवा प्रकाश देतात, इतकेच. थेट विजेवर चालणारे क्वांटम डॉट दिवे अजून प्रयोगशाळेतला विषय आहेत आणि तिथेही निळा रंगच अडतो. शिवाय विषारी कॅडमियमचा प्रश्न आहे. युरोपीय नियमांनुसार विद्युत उपकरणातल्या कोणत्याही एकजिनसी भागात ते वजनाच्या 0.01 टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, म्हणून उद्योग इंडियम फॉस्फाइडकडे वळला. 2022 मध्ये आलेल्या पडद्यांत तर दोन्ही घराणी एकत्र नांदतात : खाली निळा सेंद्रिय दिवा, वर रंग बदलणारे क्वांटम डॉट.

वैद्यकात या दोघांच्या वाटा स्पष्टपणे फुटतात. सेंद्रिय पदार्थ बहुधा शरीरावर किंवा ऊतीला चिकटून बसतात आणि काम झाले की काढता येतात. पेडॉट-पीएसएस हे बहुवारिक इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही वाहून नेते, त्यामुळे चेतापेशीची आयनांची भाषा ते थेट विजेच्या संकेतात आणू शकते. शिवाय सिलिकॉनपेक्षा ते कितीतरी मऊ असते. 2014 मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या गटाने हिरव्या आणि लाल सेंद्रिय दिव्यांवर चालणारा, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पूर्ण सेंद्रिय संवेदक दाखवला. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात के. एस. नारायण यांच्या गटाने प्रकाशग्राही पेशी अजून विकसित न झालेल्या कोंबडीच्या भ्रूणाचा दृष्टिपटल बहुवारिकाच्या थरावर ठेवून प्रकाशाने त्यात संकेत उमटवले. हे काम आपल्याकडचे आहे आणि विषय निवडणाऱ्याने ते आवर्जून वाचावे.

नॅनोकण मात्र रक्तात सोडायचे असतात, आणि तिथे चंबूतले यश फारसे उपयोगी पडत नाही. सायट्रेटने बनवलेले सोन्याचे द्रावण काचेत सुंदर वाइनी लाल दिसते, कारण गोल कण 520 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. त्यात साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब टाका; कण एकमेकांना चिकटून क्षणात रंग निळा-करडा होतो. रक्त खारटच आहे आणि त्यात प्रथिनेही आहेत, म्हणून प्रत्येक कणाला आधी पॉलिइथिलिन ग्लायकॉलसारखे वेष्टन चढवावे लागते. निम्म्या मेहनतीचा हिशेब इथेच लागतो. पुढचा प्रश्न बाहेर पडण्याचा : 2007 मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले की वेष्टनासह सुमारे 5.5 नॅनोमीटरपेक्षा लहान क्वांटम डॉट मूत्रावाटे निघून जातात. त्याहून मोठे कण यकृत आणि प्लीहेत रेंगाळतात. कॅडमियमच्या बाबतीत ही गोष्ट जवळजवळ निकाली आहे, आणि माणसाच्या शरीरात सोडण्यासाठी हा विषय घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सोन्याची बाजू त्यापेक्षा बळकट आहे. सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच चढवले की शोषण ऊतीतून आत शिरणाऱ्या अवरक्त पट्ट्यात सरकवता येते. अमेरिकेत राइस विद्यापीठातील नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या कामातून आलेल्या अशा कणांनी प्रोस्टेटच्या गाठी लेझरने तापवून नष्ट करण्याची पहिली चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 16 पैकी 15 रुग्णांवर ही प्रक्रिया पूर्ण करता आली. आकडा छोटा आहे, पण तो उंदरांचा नसून माणसांचा आहे.

मग निवड कशी करावी? विद्युत मापनात हात बसलेला असेल आणि प्रयोगशाळेत ग्लोव्हबॉक्स व निर्वात बाष्पीभवन यंत्र चालू स्थितीत असेल, तर सेंद्रिय बाजू घ्यावी. त्यातही पडद्यांपेक्षा जैवविद्युत उपकरणांकडे वळावे, कारण पडद्यांचे मोठे कारखाने प्रामुख्याने दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये आहेत. रसायनाची आवड असेल तर नॅनोकण जरूर, परंतु पेशीसंवर्धनाची सोय, प्राणिगृह आणि नैतिकता समितीची परवानगी मिळवून देणारा जीवशास्त्रज्ञ सहकारी आधीपासून सोबत असेल तरच वैद्यकीय शीर्षक घ्यावे. अन्यथा हाती लागतो तो नवी कृती, चार सूक्ष्मदर्शी चित्रे आणि शेवटी एक एमटीटी चाचणी (पेशी जिवंत राहतात का हे पाहणारी) जोडलेला शोधनिबंध. असा सहकारी नसेल, तर त्याच सोन्याचा उत्प्रेरणासाठी विचार करावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने 2019 मध्ये मांडलेले ‘काळे सोने’ दृश्य आणि जवळचा अवरक्त असा दोन्ही प्रकाश शोषते, आणि त्या कामाला प्राणिगृहाची गरज पडत नाही.