ऑटोहॉटकी सात महिने वापरल्यावर: एका दस्त टाईप करणाऱ्याचा अनुभव

आमचं काम दस्त टाईप करायचं. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेकरार. निम्मा मजकूर रोज तोच, 'सदर मिळकतीवर कोणत्याही बँकेचा, पतसंस्थेचा अथवा खाजगी इसमाचा बोजा नाही' हे वाक्य मी आजवर किती वेळा बडवलंय देव जाणे. म्हणून सात महिन्यांपूर्वी ऑटोहॉटकी टाकलं. फुकट प्रोग्रॅम आहे, फक्त विंडोजवर चालतं, आणि वर्डमध्ये असा नाहीतर ब्राउझरमध्ये, तुम्ही दाबलेली की मधेच पकडून ठरवलेला मजकूर टाकतं.

पहिला दिवस वाया गेला. नेटवर स्क्रिप्टचे (कुठल्या कीला कुठला मजकूर ते लिहिलेल्या साध्या फाईलचे) नमुने मिळतात ते बरेचसे जुन्या व्हर्जन एकचे, मी पण तेच टाकलं आणि नोटपॅडमध्ये मराठी लिहून सेव्ह केलं तर वर्डमध्ये नुसता कचरा उमटला. एकला फाईल युटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं साठवायची एक पद्धत), सुरुवातीच्या खुणेसकट (बॉम म्हणतात त्याला) सेव्ह केलेली लागते. व्हर्जन दोन डिसेंबर २०२२ मध्ये आलं, त्यात ही कटकट नाही, पण एकचा कोड दोनमध्ये तसाच्या तसा चालत नाही. नवीन घेणाऱ्यांनी सरळ दोनच घ्या.

मग मी शॉर्टफॉर्म केले, म्हणजे बी-एन टाईप करून स्पेस दिली की बोजाचं अख्खं वाक्य. इंग्रजीत मस्त चाललं आणि कीबोर्ड मराठीच्या इन्स्क्रिप्टवर नेला की बंद! नंतर ट्यूब पेटली की तिथे त्याच दोन की 'वल' उमटवतात आणि हा बिचारा बी-एनची वाट बघत बसतो. शॉर्टफॉर्मच 'वल' ठेवला, झालं काम. दोन महिने खुशीत होतो.

आता खरा मुद्दा. एकदा कुठलातरी शॉर्टफॉर्म अडला म्हणून घड्याळाशेजारच्या ऑटोहॉटकीच्या हिरव्या एच वर डबल क्लिक करून की हिस्ट्री उघडली. दाबलेल्या की एकाखाली एक. वरच्या काही माझ्या नव्हत्या, नीट बघितलं तर दहा मिनिटांपूर्वी ऑफिसातल्या एकाने माझ्या मशीनवर बसून बँकेत लॉगिन केलं होतं, त्याचा पासवर्ड अक्षर न अक्षर, शिफ्ट कुठे दाबला त्यासकट. घाम फुटला मला. त्याला लगेच सांगून बदलायला लावला.

यात प्रोग्रॅमची लबाडी काही नाही हां. शॉर्टफॉर्म ओळखायचा तर तुम्ही काय टाईप करताय ते सगळं बघावंच लागणार, त्यासाठी तो विंडोजच्या कीबोर्डवर हुक टाकतो आणि प्रत्येक की आधी त्याच्या हातातून जाते. ही यादी फक्त मेमरीत असते, मुळात शेवटच्या चाळीस नोंदींची, फाईलमध्ये उतरत नाही, आणि स्क्रिप्टमध्ये तो आकडा शून्य करून बंदही करता येते. पण तुम्ही एफ-८ सारखी एकच की ठरवली तर हुक लागतच नाही, तो विंडोजला फक्त ही एक की मला कळव म्हणून सांगून ठेवतो, बाकीच्या कडे ढुंकून बघत नाही. हॉटकींची (ठरवलेल्या कींची) यादी उघडली की टाईपच्या खान्यात 'रेग' (नुसती ती एक की नोंदवलेली) दिसतं का 'के-हुक' (हुक लागलेला) यावरून कळतं. मशीनवर चार जण बसतात, म्हणून मी सगळे शॉर्टफॉर्म उडवले. एफ-८ ला बोजा, एफ-९ ला चतुःसीमा, पूर्वेस-दक्षिणेस-पश्चिमेस-उत्तरेस चार ओळी रिकाम्या जागांसकट, सगळ्यात वेळ ह्यानेच वाचतो. वर एक फायदा, कीबोर्ड मराठीवर आहे का इंग्रजीवर हे बघायला नको. वर्डमध्ये एफ-८ सिलेक्शनचं असतं पण आमच्याकडे ते चुकूनच दाबलं जायचं.

तक्रारी आहेत. एक हिशोबाचा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतो, त्यात एफ-८ दाबून काहीच येईना. साधा चालवलेला प्रोग्रॅम अ‍ॅडमिनवाल्या खिडकीत अक्षरं घालू शकत नाही, विंडोजचंच बंधन आहे ते. स्क्रिप्ट पण अ‍ॅडमिन म्हणून चालवली की चालतं, मी मात्र तेवढ्यासाठी तो अधिकार दिला नाही, तिथे हातानेच टाईप करतो. स्क्रिप्टची एक्सई (थेट चालणारी फाईल) केली तर अँटिव्हायरसने उचलून कोंडून ठेवली, तेव्हा साधी स्क्रिप्ट फाईलच ठेवा. जुन्या शिवाजी फॉन्टातल्या फाईलींत हा युनिकोड मजकूर दुसऱ्याच फॉन्टात येतो आणि ठिगळ लावल्यासारखं दिसतं, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

घरच्या लॅपटॉपवर पण टाकलंय. तिथे एफ-८ नुसता दाबला की आवाज वाढायचा, म्हणून फंक्शन लॉक चालू करून ठेवलाय, आता बायको गाणी लावते आणि आवाज वाढवायला गेली की खरेदीखताचं बोजाचं वाक्य येतं.