दूखस डॉट आयई: आयर्लंडच्या खेड्यातल्या गोष्टी, सांगणाऱ्याच्या नावागावासकट

गेले चार महिने भांडुप ते सीएसएमटी जाताना मी रोज एक तरी पान वाचतेय, आणि ते पान म्हणजे आयर्लंडमधल्या कुठल्यातरी खेड्यातल्या शाळेतल्या पोराने नव्वद वर्षांपूर्वी आपल्या हाताने लिहिलेली वही. साइटचं नाव दूखस (duchas.ie), म्हणजे त्यांच्या भाषेत वारसा असा काहीसा अर्थ. फुकट आहे, वाचायला लॉगिन पण लागत नाही. मराठीत याबद्दल कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून मीच लिहितेय, आणि जरा सविस्तर लिहिणार आहे.

आधी हे आहे काय ते सांगते. १९३५ मध्ये तिकडे आयरिश फोकलोर कमिशन, म्हणजे लोककथा-लोकपरंपरा गोळा करणारी सरकारी संस्था, सुरू झालं, आणि १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी शिक्षकांच्या मदतीने वरच्या वर्गातल्या मुलांना कामाला लावलं. निबंधाच्या तासाला निबंध नाही लिहायचा, घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं आणि सांगतील तसं उतरवून आणायचं. विषय ठरवून दिलेले, म्हणजे गावातलं गाडलेलं धन, पवित्र विहिरी, झाडपाल्याची औषधं, लग्नाच्या चालीरीती, मोठा दुष्काळ, बटाट्याची लागवड, घरी बनवलेली खेळणी. २६ काउंट्या (म्हणजे आपले जिल्हे), ५ हजारांच्या आसपास शाळा, सुमारे ५० हजार मुलं, आणि जमली किती पानं तर जवळपास ७ लाख ४० हजार! मूळ कागद डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहेत, २०१७ मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत पण गेले. साइटवर त्या पानांचे फोटो आहेत आणि बऱ्याच पानांशेजारी टाइप केलेला मजकूर, जो जगभरातल्या लोकांनी हौसेने बसून टाइप केलाय.

आता मला सगळ्यात जास्त काय आवडलं, तर गोष्टीखाली नाव असतं. कुठल्या मुलीने लिहिली, कुणी सांगितली, तो माणूस कुठल्या गावचा, पुष्कळ ठिकाणी त्याचं वय सुद्धा. आपण लोककथा म्हटलं की "एका गावात असं सांगतात" एवढ्यावर सोडून देतो, सांगणारी म्हातारी कोण होती ते कुणी लिहीत नाही, आणि माझ्यासाठी तर गोष्टीइतकीच ती म्हातारी महत्त्वाची आहे.

घरी ७८ वर्षांची आत्या आहे, राजापूरकडची. तिला रात्री जेवणं झाली की मी एक पान मराठीत सांगते. पहिल्यांदा सांगितलं ते लोण्याचं. तिकडे असं मानायचे की घरात लोणी काढणं चालू असताना कुणी आलं तर त्याने "देव या कामाला बरकत देवो" म्हणायचं आणि घुसळायला हात लावायचाच, दोन हात मारल्याशिवाय तो निघून गेला तर लोण्याची बरकत त्याच्याबरोबर जाते. आत्या एकदम ताठ बसली. म्हणे, "अगं, माझी आई तर कुणी दारात आलं की मडक्यावर पदर टाकायची, दृष्ट नको म्हणून!" म्हणजे भीती तीच, नजर लागून लोणी जाईल, पण आमच्याकडे आलेल्यापासून झाकायचं आणि तिकडे आलेल्याच्याच हातात रवी द्यायची. मला हे इतकं आवडलंय की चार जणांना तरी सांगून झालं.

मग रोजचंच झालं. तिकडे शेतात मातीचे जुने गोल बांध असतात, खरं तर मध्ययुगाच्या सुरुवातीची शेतकऱ्यांची वस्ती, पण लोक म्हणणार परींचे किल्ले, तिथे नांगर घालायचा नाही, तिथलं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडायचं नाही. आत्या म्हणाली आमच्या देवराईतली काटकी सुद्धा चुलीत जात नव्हती. हे काही फक्त जुन्या काळातलं नाही हां. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत ‘लाटून’ नावाच्या ठिकाणाजवळ हायवेच्या आड असं एक झाड येत होतं, एडी लेनिहान नावाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने आवाज उठवला आणि झाड राखूनच रस्ता केला.

बॅनशीचं पण सांगते, ठरावीक घराण्यांत कुणी जायचं असलं की रात्री रडणारी बाई, आणि तिची फणी वाटेत पडलेली दिसली तरी उचलायची नाही. आत्याने तिन्हीसांजेला केस विंचरले तर काय होतं ते सांगायला सुरुवात केली ती साडेअकरापर्यंत.

गोष्ट संपवायची त्यांची पद्धत तर मी पाठच केलीय. "ही माझी गोष्ट, यात काही खोटं असलं तर असू दे, मी रचलेली नाही." आपली साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते, आणि यांचा माणूस शेवटी सांगतो की मी नुसता मधला, माझ्या आधीच्याने सांगितलं तेच सांगितलं.

साइटवरून पुढे मी कमिशनबद्दल पण वाचत गेले. ते उभं करणारे जेम्स डेलार्गी १९२३ मध्ये केरी काउंटीतल्या शॉन ओ कोनल नावाच्या म्हाताऱ्याकडे पोचले. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण डोक्यात गोष्टींचा साठा, आणि ऐकणारे कमी होत चालले तेव्हा विसरू नये म्हणून हा माणूस एकटाच मोठ्याने स्वतःला गोष्टी सांगायचा. हे मी घाटकोपरला गाडी थांबली होती तेव्हा वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं. दुसरी गोष्ट लागली ती अशी की पुढे कमिशनचे लोक मेणाच्या सिलिंडरवर आवाज भरून आणायचे, वहीत उतरवून झालं की मेण तासून तोच सिलिंडर परत वापरायचे, कारण पैसेच नव्हते. शब्द राहिले, पण कितीतरी आवाज गेले.

वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते. नुसतं भूत-परी असं सर्च करत बसू नका, एक काउंटी घ्या, एक शाळा घ्या आणि ती वही पहिल्यापासून वाचा, एकाच गावातल्या दोन पोरांनी तीच गोष्ट वेगवेगळी आणलेली सापडते तेव्हा खरी मजा येते. मजकूर बराचसा इंग्लिशमध्ये आहे, पण खूप पानं आयरिशमध्ये पण आहेत, ती मला वाचता येत नाहीत याचं मनापासून वाईट वाटतं. मुलांचं वळणदार अक्षर फोनवर वाचताना डोळे दुखतात, लॅपटॉप असेल तर त्यावरच बघा. शाळेतल्या शिक्षकांनी तर आवर्जून बघावी अशी साइट आहे, विषयांची यादी जशीच्या तशी उचलून मुलांना देता येईल. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आत्या परवा गिऱ्हाची गोष्ट सांगत होती, ओढ्यावर रात्री माणसाला भुलवून पाण्यात नेणारा तो. मी दोनशे पानी वही घेऊन बसले होते. मध्येच थांबली आणि म्हणाली, "त्या पोरीने आजीचं नाव घातलंय ना खाली? मग माझं माहेरचं घाल. ही गोष्ट माहेरची आहे."